घाटाच्या पायऱ्या आणि स्केचबुक

महाराष्ट्रातील शाळांत शिकलेल्या बहुतेकांच्या हाताला एक निसर्गचित्र पाठ असते: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा अर्धा सूर्य, मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी, वळणे घेत खाली येणारी नदी आणि काठावर एक झोपडी. या चित्रात चूक अशी काही नसते. मात्र ते कोणत्याही एका गावाचे नसते, कारण पाहण्याचे काम त्यात कोणी केलेलेच नसते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांत स्मरणचित्र आणि स्थिरचित्र हे विषय वेगळे ठेवलेले आहेत, आणि आठवून काढणे व समोर पाहून काढणे यांतील हा भेद ज्याला कळला, त्याला घराबाहेर जाऊन केलेल्या रेखाटनाचे मर्म निम्मे कळले असे म्हणता येईल. बाजारात, घाटावर किंवा स्टेशनात बसून काढलेले स्केच हे एक प्रकारचे स्थिरचित्रच असते, फक्त त्यातील काहीही स्थिर राहत नाही.

चित्रकारांच्या बोलण्यात याला ‘लँडस्केपला जाणे’ किंवा ‘स्पॉटवर काम करणे’ म्हणतात. छंद म्हणून हे करणाऱ्याने पूर्ण चित्राची अपेक्षा धरू नये. अर्ध्या तासात, थोड्या रेषांत, समोरच्या दृश्यातील महत्त्वाचे तेवढे टिपणे हे रेखाटनाचे काम असते, आणि महत्त्वाचे काय हे ठरविण्यातच खरी कसोटी लागते.

उदाहरणादाखल वाईचा कृष्णाकाठ घ्यावा. तेथे स्केचबुक घेऊन बसलेला कोणीतरी बहुधा दिसतोच, आणि शिकाऊ हाताचा गोंधळ पायऱ्यांपाशी सुरू होतो. पायऱ्या सारख्या मापाच्या असतात हे मनाला ठाऊक असते, म्हणून हात त्या सारख्याच काढू लागतो. डोळ्याला मात्र निराळेच दिसत असते. घाटाच्या मध्यावर बसलेल्या माणसाला नजरेच्या पातळीखालच्या पायऱ्यांची पाऊल ठेवण्याची सपाट बाजू दिसते, तर त्या पातळीवरच्या पायऱ्यांची केवळ उभी बाजू दिसते. नदीकाठाला समांतर पाहिले, तर वरच्या पायऱ्यांच्या कडा दूर जाताना खाली उतरतात, खालच्यांच्या कडा वर चढतात आणि नेमकी नजरेच्या पातळीवर असलेली कड आडवी, सरळ राहते. या सर्व रेषा दूरवर ज्या एका बिंदूकडे धावतात, त्याला लोपबिंदू म्हणतात, आणि अंतराचा हा आभास कागदावर आणण्याच्या शास्त्राला यथार्थदर्शन म्हणतात. नजरेची पातळी शोधण्यासाठी उपकरण लागत नाही. वही डोळ्यांसमोर आडवी धरून वर-खाली करावी, आणि तिचा पृष्ठभाग नाहीसा होऊन नुसती कड उरेल, ती पातळी समजावी. मापे घेताना पेन्सिल हात ताठ ठेवून धरावी आणि एक डोळा मिटावा; कोपर वाकले की माप बिघडते आणि घाटावरच्या ढोल्या गणपती मंदिराचे शिखर हवे त्याहून लठ्ठ होऊन बसते.

गणपतराव रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलेल्या याच मंदिराची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून माशासारखी निमुळती केलेली आहे. दर्शन घेऊन परतणाऱ्याच्या ती लक्षात येईलच असे नाही, परंतु चित्र काढणाऱ्याला भिंत कोठे वळते आणि तिच्यावरची सावली कोठे संपते याचा निर्णय रेषेनेच द्यावा लागतो, त्यामुळे त्याची नजर तेथे अडतेच.

सावलीबाबत एक धोरण अनुभवी चित्रकार पाळतात. सकाळी सात-आठला लांब पडलेली सावली दहापर्यंत आखडते आणि सरकते, म्हणून ती सुरुवातीलाच रेखून घ्यावी व नंतर सूर्य कोठेही गेला तरी बदलू नये. नाहीतर एकाच चित्रात दोन सूर्य उगवतात. जलरंग वापरणाऱ्याला हवेचाही हिशेब ठेवावा लागतो. पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरात रंगाचा पातळ थर वाळता वाळत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात तो कुंचला उचलेपर्यंत वाळून कडा धरतो.

बाहेर बसून रंगवण्याची सोय ही त्या मानाने अलीकडची आहे. अमेरिकन चित्रकार जॉन गॉफ रँड यांनी 1841 मध्ये रंगासाठी दाबता येणारी धातूची नळी तयार केली, आणि तोवर डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरावा लागणारा तैलरंग सहज बाहेर नेता येऊ लागला. महाराष्ट्रात 1857 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकारांनी ही वाट चोखाळली. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा, पंचगंगा आणि कोटीतीर्थ हा आपलाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. गोव्यात मारियो मिरांडा यांनी तरुणपणी लोटलीतील माणसे, लग्ने आणि पाद्री आपल्या दैनंदिनीत चितारले, आणि 1949 ते 1951 या तीन वर्षांच्या त्या दैनंदिन्या पुढे पुस्तकरूपाने आल्या. हौशी माणसाने आदर्श निवडायचाच, तर तो रंगवलेल्या मोठ्या कॅनव्हासपेक्षा या दैनंदिन्यांचा निवडावा. सिअ‍ॅटल येथील पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी 2007 मध्ये सुरू केलेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या चळवळीचाही आग्रह असाच आहे की, चित्र छायाचित्रावरून न काढता जागेवर बसून, दिसते तसे काढावे. मुंबई-पुण्यातही या धर्तीवर सुटीच्या दिवशी एकत्र जमून स्केच करणारे गट आहेत.

साहित्यावर फार खर्च करण्याचे कारण नाही. पेन्सिलीच्या शिशात ग्रॅफाइट आणि चिकणमाती यांचे मिश्रण असते. ग्रॅफाइट जितके अधिक, तितकी पेन्सिल मऊ व काळी, म्हणून आराखड्याला 2बी आणि गडद छटेला 6बी पुरते. रेषेवर जलरंग द्यायचा असेल तर पेनाची शाई पाण्याने न पसरणारी हवी, आणि कागद प्रति चौरस मीटर 300 ग्रॅम वजनाचा असल्यास तो पाण्याने फारसा फुगत नाही. खोडरबर घरीच ठेवावे. चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी रेषा काढली की दोन्हींतील अंतरच शिकवते.

सर्वांत मोठी अडचण कागदावरची नसते, ती पाठीमागे उभी असते. मंडईत किंवा एसटी स्टँडवर वही उघडताच बघे जमतात, ‘हे कशासाठी?’ अशी चौकशी होते आणि एखादे पोर ‘माझं पण काढा ना’ म्हणून समोर येऊन उभे राहते. भिंतीला पाठ लावून बसल्यास निम्मा संकोच जातो. उरलेला त्या पोराचे चित्र काढल्याने जातो. भाजीवाली उठून गेली, गाडी सुटली, बैल हलला, तर जेवढे उतरले तेवढ्यावर थांबावे आणि मनाने भर घालू नये, कारण तेथूनच ते दोन त्रिकोणी डोंगर पुन्हा परत येतात.

पानाच्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि वेळ लिहावी, आणि पहिल्या वहीतील एकही पान फाडू नये.