विश्लेषण : ‘सायटोकाइन वादळ’ पेशीत सुरू होते कसे, थांबते कसे?

करोनाकाळात राजोडी-वसईपासून मुंबईपर्यंत अनेक घरांत ‘सायटोकाइन वादळ’ हा शब्द पोहोचला. त्यामागचे शास्त्र काय?

सायटोकाइन म्हणजे काय?
रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना इशारा देण्यासाठी सोडतात ती प्रथिने. एरवी त्यांची जनुके बहुतांशी बंद असतात.

ती सुरू कशी होतात?
‘एनएफ-कप्पा-बी’ हे प्रथिन केंद्रकाबाहेर जखडलेले असते. विषाणूची चाहूल लागताच बंधन तुटते. ते केंद्रकात शिरून जनुके सुरू करते.

थांबतात कशी?
हेच प्रथिन स्वतःला जखडणाऱ्या प्रथिनाचे जनुकही सुरू करते. शिवाय अनेक सायटोकाइनचे आरएनए-संदेश लवकर नष्ट होतात. हा लगाम सुटला की फुप्फुसांनाही इजा होते.

औषधाचे काम काय?
डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड केंद्रकात ही जनुके दाबते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटले. प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र फायदा दिसला नाही. स्टेरॉइडने प्रतिकारशक्तीही दबते. २०२१ मध्ये राज्यात पसरलेल्या म्युकरमायकोसिसमागे, मधुमेहाबरोबरच, त्याचा अतिवापर हे एक कारण मानले गेले. म्हणूनच ही स्वस्त गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.