सुखाचे मोजमाप आणि न केलेली तक्रार

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास ‘जागतिक आनंद अहवाल’ प्रसिद्ध होतो आणि राजधानीत ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. विरोधक भारताच्या क्रमांकाचा हवाला देतात, सत्ताधारी अहवालाच्या पद्धतीवर बोट ठेवतात. २०२४ मध्ये भारत १४३ देशांत १२६ वा होता, २०२५ मध्ये ११८ वा. हा क्रमांक नेमका कशाचा, हा प्रश्न मात्र दोन्ही बाकांवरून क्वचितच विचारला जातो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या शिडीवर ही क्रमवारी उभी आहे. शून्य म्हणजे आपल्या दृष्टीने सर्वांत वाईट आयुष्य, दहा म्हणजे सर्वोत्तम. आपण कोणत्या पायरीवर आहात, एवढेच विचारले जाते. प्रत्येक देशातून वर्षाला साधारण एक हजार उत्तरे आणि तीन वर्षांची सरासरी. म्हणजे येथे मोजली जाते ती स्वतःच्या आयुष्याविषयीची धारणा. आणि धारणा परिस्थितीशी जुळवून घेते. वेतन आयोगाची थकबाकी हाती आल्याचा आनंद किती महिने टिकतो, हे सरकारी वसाहतींत राहणाऱ्यांना सांगायला नको.

हीच प्रक्रिया दुःखालाही लागू पडते, आणि धोरणकर्त्यांसाठी खरा धोका तेथेच आहे. अमर्त्य सेन यांनी याचे मार्मिक उदाहरण दिले आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळील सिंगूर येथे आरोग्याची पाहणी झाली. आपली प्रकृती बरी नाही वा जेमतेम आहे, असे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले; विधवांमध्ये हे प्रमाण अवघे २.५ टक्के होते. विधवा अधिक निरोगी होत्या असे नव्हे. तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार आहे, हेच त्यांच्या मनातून पुसले गेले होते. याउलट, आयुर्मानात अग्रेसर असलेल्या केरळात आजारपण सांगणाऱ्यांचे प्रमाण बिहारपेक्षा कितीतरी अधिक आढळते.

भूतानने शिडीपेक्षा व्यापक मार्ग स्वीकारला. तेथे ९ क्षेत्रे आणि ३३ निर्देशक तपासले जातात. २०१५ मध्ये ०.७५६ असलेला निर्देशांक २०२२ मध्ये ०.७८१ वर गेला. तथापि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी देशाबाहेर पडावे लागलेल्या सुमारे एक लाख नेपाळीभाषक रहिवाशांचे सुखदुःख या गणनेत येत नाही. मोजपट्टी कितीही सूक्ष्म असली, तरी कोणाला मोजायचे हा निर्णय राजकीयच असतो.

मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये स्वतंत्र आनंद विभाग स्थापन केला, तेव्हा त्याचे कौतुकही झाले आणि थट्टाही. वस्तुतः नागरिकांना कसे वाटते हे राज्यसंस्थेने विचारण्यात गैर काहीच नाही. मात्र समाधानाचा आकडा हेच उद्दिष्ट ठरले, तर अपेक्षा खुंटलेला नागरिक सरकारला सर्वांत सोयीचा वाटू लागेल. म्हणून हा आकडा पोषण, आयुर्मान आणि शिक्षणाच्या आकड्यांशेजारी ठेवूनच वाचला पाहिजे. लोकशाहीत वाढती तक्रार ही प्रत्येक वेळी अपयशाची खूण नसते. पुष्कळदा ती जागृतीची पहिली नोंद असते.