खिडकीतून किती द्यायचं?

मंडळाच्या वाचनालयात पुस्तक हवं असेल तर आपण कपाटापर्यंत जात नाही. खिडकीशी चिठ्ठी देतो, आतले काका पुस्तक आणून देतात, नाहीतर ‘बाहेर गेलंय’ म्हणून सांगतात. आतली कपाटं कशी लावली आहेत याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नसतं. मोबाइलमधलं अ‍ॅप आणि सर्व्हरवरची माहिती यांच्यामध्येही अशीच एक खिडकी असते. तिला एपीआय म्हणतात. अशा खिडक्या बांधणं हे माझं रोजचं काम आहे.

गेल्या वर्षी आपल्या कार्यकारिणीने कुटुंबसूची आणि वधू-वर नोंदणी वहीतून अ‍ॅपवर आणायचं ठरवलं, आणि काम माझ्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत एका काकूंनी विचारलं, “माझ्या मुलीचा फोन नंबर सगळ्यांना दिसणार का रे?” काही जण हसले, पण प्रश्न अगदी नेमका होता. वही कुलपात असते. ती बघायला माणूस यावा लागतो आणि चिटणीस त्याला ओळखतात. एपीआयला मात्र रात्री दोन वाजताही कोणी विचारू शकतं, तेही मिनिटात हजार वेळा.

पायथनमध्ये अशी खिडकी बांधायला तयार चौकटी मिळतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कामातून जन्मलेलं जँगो २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्यात लॉगिनपासून व्यवस्थापनाच्या पानांपर्यंत सगळं आयतं मिळतं. २०१० मध्ये आलेलं फ्लास्क अगदी आटोपशीर, बाकीचं सामान ज्याचं त्याने जोडायचं. सेबास्टियन रामिरेझ यांचं फास्टएपीआय २०१८ अखेरचं. मी ते निवडलं, कारण आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या माहितीचा नमुना आधी लिहून काढायची सवय ते लावतं.

आधी पत्ते ठरवले. एपीआयच्या पत्त्यात नाम असावं, क्रियापद नको. ‘कुटुंबं’ हा एक पत्ता, ‘कुटुंबं, क्रमांक ४२’ हा त्याच्या आतला. काय करायचं ते विनंतीचा प्रकार सांगतो: गेट म्हणजे दाखवा, पोस्ट म्हणजे नवी नोंद घ्या, पॅच म्हणजे थोडं बदला, डिलीट म्हणजे काढून टाका. ‘गेट’ने माहितीत कधीही बदल होऊ नये, हा नियम कसोशीने पाळायचा.

मग नमुने. इथे काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आहे. फास्टएपीआयमध्ये पायडॅन्टिक नावाची लायब्ररी वापरून प्रत्येक रकान्याचं वर्णन करता येतं: नाव म्हणजे अक्षरं, जन्मतारीख म्हणजे तारीख. चुकीचा मजकूर आला तर ४२२ हा क्रमांक आणि नेमकी चूक आपोआप परत जाते. पण नोंदणीला येणारा नमुना आणि बाहेर जाणारा नमुना वेगळा ठेवायचा. येताना फोन, पत्ता, जन्मवेळ सगळं येतं. जाताना फक्त नाव, शिक्षण, शहर. बाहेरच्या नमुन्यात फोनचा रकानाच नसेल, तर चौकट तो गाळूनच उत्तर पाठवते.

अनेक ठिकाणी सर्व्हर सगळं पाठवतो आणि फोन नंबर पडद्यावर दाखवायचा नाही एवढंच अ‍ॅपला सांगितलेलं असतं. पडद्यावर दिसत नसलं तरी उत्तरात ते असतंच, आणि जाणकार ते सहज वाचू शकतो. ओवास्प ही सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणारी संस्था एपीआयच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी काढते. २०१९ आणि २०२३ या दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक याच्याही सख्ख्या भावाचा आहे: लॉगिन केलेल्या माणसाने पत्त्यातला ४२ बदलून ४३ केला की दुसऱ्याचं घर उघडतं. म्हणून ‘तू कोण’ एवढं विचारून भागत नाही. ‘ही नोंद पाहायचा तुला अधिकार आहे का’ हे प्रत्येक वेळी तपासावं लागतं.

उत्तरांचे क्रमांकही विचार करून द्यायचे. ओळख पटली नाही तर ४०१, परवानगी नसेल तर ४०३, नोंदच नसेल तर ४०४. वधू-वर नोंदणीत मात्र परवानगी नसणाऱ्यालाही मी ४०४ देतो. ‘नोंद आहे, पण तुम्हाला दाखवणार नाही’ असं म्हटलं तरी अमक्यांच्या मुलीचं नाव नोंदवलंय हे कळतंच, आणि आपल्या गावात तेवढं पुरतं!

शेवटी फायलींची मांडणी. कुटुंबं, वाचनालय, वधू-वर यांचे पत्ते वेगवेगळ्या फायलींत. नमुने एकीकडे, नियम दुसरीकडे, डेटाबेसशी बोलणं तिसरीकडे. मुख्य फाइल अगदी छोटी. हे टापटिपीच्या हौसेपोटी नाही. मंडळाची कामं करणारी मुलं उद्या पुण्या-बंगळुरूला नोकरीला जातात. पुढच्याला ‘फोन कोणाला दिसतो’ हे एकाच जागी सापडलं पाहिजे.

संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. संमती घ्या आणि ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरा, हा त्याचा गाभा. आपल्या घरांत ही रीत जुनीच आहे: मध्यस्थाकडे दिलेली पत्रिका तो विचारल्याशिवाय पुढे देत नाही. ती रीत आता कोडमध्ये लिहायची आहे. दोन्ही घरांनी होकार दिल्यावरच फोन नंबर देणारा एक वेगळा पत्ता मी ठेवला आहे, आणि कोणी कधी पाहिलं याची नोंदही तिथे राहते.

कॉलेजातल्या मुलामुलींना एक सुचवतो. घरातल्या पुस्तकांची यादी घ्या आणि तिचं छोटं एपीआय बनवा. फास्टएपीआय त्याचं माहितीपत्रक आपोआप तयार करतं, ब्राउझरमध्येच चालवून बघता येतं. नावं बिनधास्त देवनागरीत ठेवा; पायथनला ‘ज्ञानेश्वर’ लिहायला काही अडचण नाही. आणि पहिली ओळ लिहिण्याआधी कागदावर दोन रकाने आखा: आत काय येणार, बाहेर काय जाणार. दुसरा रकाना नेहमी पहिल्यापेक्षा लहान असू द्या.