पॉइंटवर विमानप्रवास : आधी तारीख, मग कार्ड

लेखमाला : घरचा हिशेब (भाग ९)

गेल्या आठवड्यात आपण क्रेडिट कार्डाच्या बिलावरचे व्याज कसे लागते आणि ‘किमान रक्कम’ भरून मोकळे होणाऱ्याच्या गळ्यात ते कसे अडकते, हे पाहिले. आज त्याच कार्डावर साठणारे पॉइंट आणि त्यांतून मिळणारे विमानाचे तिकीट, हा विषय घेऊ.

कोल्हापूरला विमान नवे नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३९ सालीच इथे विमानतळ सुरू झाला. मधली कित्येक वर्षे मात्र उजळाईवाडीची धावपट्टी बव्हंशी शांत होती. केंद्राच्या ‘उडान’ योजनेनंतर, २०१८ च्या अखेरीपासून, नियमित विमाने पुन्हा येऊ लागली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनल इमारतीचे उद्‌घाटन झाले. २०१९ मध्ये सुरू झालेली ‘स्टार एअर’ ही कंपनी तर कोल्हापूरच्याच घोडावत समूहाची. आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलचे फाउंड्रीवाले यंत्रांच्या प्रदर्शनांना युरोपात जातात. मुलगा-सून अमेरिकेत आहेत म्हणून बाळंतपणासाठी सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहणारे आई-वडीलही गल्लोगल्ली आहेत. या दोघांच्याही कानावर एकच वाक्य पडते : “पॉइंटवर तिकीट फुकट मिळतं.”

ते फुकट मिळत नाही. मात्र नीट हिशेब करणाऱ्याला स्वस्त नक्की मिळते. या भागाचे सार एका ओळीत सांगायचे तर, प्रवास आणि तारीख आधी ठरवावी आणि पॉइंट त्यासाठी जमवावेत. बहुतेक जण आधी कार्ड घेतात, पॉइंट साठवत राहतात आणि कुठे जायचे ते शेवटी ठरवतात. नुकसान होते ते याच क्रमामुळे.

पॉइंटचे पैसे येतात कुठून?

अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी योजना सुरू केली. जितके मैल उडाल तितके ‘माइल्स’ खात्यावर जमा आणि पुरेसे साठले की एक तिकीट बक्षीस. एरवी रिकामी जाणारी खुर्ची नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिली की तो दुसऱ्या कंपनीकडे जात नाही, हा त्यामागचा विचार. पुढे या योजनांत बँका आल्या. आज विमान कंपन्या बँकांना माइल्स घाऊक विकतात आणि बँका ते कार्डधारकांना पॉइंटच्या बदल्यात देतात. आपण दुकानात कार्ड वापरतो तेव्हा दुकानदाराकडून काही टक्के शुल्क कापले जाते. त्यातून, शिवाय वार्षिक फीमधून आणि बिल थकवणाऱ्यांच्या व्याजातून बँकेचा हा खर्च निघतो. थोडक्यात, वेळेवर बिल भरणाऱ्याच्या तिकिटाला थकबाकीदाराचे व्याजही हातभार लावत असते.

पॉइंटचा भाव ठरवण्याचा अधिकार मात्र पूर्णपणे देणाऱ्याकडे असतो. उसाला निदान एफआरपीचा कायदा आहे, पॉइंटला किमान भाव कोणीही बांधून दिलेला नाही. याचे अनुभव आपल्याच देशात आहेत. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली आणि प्रवाशांनी साठवलेल्या माइल्सना काही अर्थ उरला नाही. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. तिची माइल्स योजना वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळे खात्यावरचे आकडे वाचले, पण ज्या विमानांसाठी लोकांनी ते जमवले होते ती विमानेच उरली नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले आणि त्या योजनेचे नाव आता ‘महाराजा क्लब’ झाले आहे.

कंपनी ठणठणीत असली तरी भाव उतरू शकतो. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर पूर्वी ५ पॉइंटचे ४ माइल्स होत. सप्टेंबर २०२३ पासून सर्वसाधारण मॅग्नस ग्राहकाला ५ पॉइंटचे २ माइल्स मिळू लागले. ज्याच्याकडे एक लाख पॉइंट पडून होते, त्याचे ८० हजार माइल्स एका निर्णयाने ४० हजारांवर आले. त्यामुळे पॉइंट मुदत ठेवीसारखे वर्षानुवर्षे ठेवायचे नसतात. ते जमवायचे आणि ठरल्या कामाला वापरून टाकायचे.

एका पॉइंटला किती पैसे?

कोणतेही अवॉर्ड तिकीट, म्हणजे पॉइंटवर मिळणारे तिकीट, समोर आले की हा हिशेब करा. समजा, एका तिकिटाचा रोखीचा भाव ६०,००० रुपये आहे. तेच तिकीट ४०,००० माइल्स अधिक १२,००० रुपये कर व शुल्क असे मिळते आहे. तुमचे वाचले ४८,००० रुपये. त्याला ४०,००० ने भागले की एका माइलला १ रुपया २० पैसे मिळाले. हाच पॉइंट बँकेच्या भेटवस्तूंच्या यादीतल्या मिक्सरवर किंवा व्हाउचरवर घालवला तर अनेकदा २० ते ५० पैशांच्या घरात जातो. दोन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी लिहा म्हणजे निर्णय सोपा होतो.

हे ४०,००० माइल्स जमायला खर्च किती लागतो, तेही पाहू. शंभर रुपयांना दोन माइल्स देणाऱ्या कार्डावर त्यासाठी २० लाख रुपये खर्चावे लागतात. महिना ४० हजार रुपये कार्डावर खर्चणाऱ्या घराला चार वर्षांहून अधिक काळ लागेल. शिवाय पेट्रोल, घरभाडे, वॉलेटमध्ये पैसे भरणे यांवर बहुतेक बँका पॉइंट देत नाहीत, विमा आणि वीजबिलावर अनेकदा मर्यादा घालतात. म्हणूनच नव्या कार्डावर सुरुवातीला मिळणारे एकरकमी बोनस पॉइंट आणि बँकेच्या संकेतस्थळावरून केलेल्या प्रवास-खरेदीवरचे जादा पॉइंट यांवर मध्यम घराचे गणित अवलंबून असते. ते जमत नसेल, तर थेट रोख सवलत देणारे साधे कार्ड बरे.

आता व्याज. ५०,००० रुपयांचे बिल एक महिना थकले आणि दर महिना ३.५ टक्के असला, तर व्याज १,७५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये, म्हणजे २,०६५ रुपये गेले. त्याच ५०,००० रुपयांवर मिळालेले १,००० माइल्स, वरच्या भावाने, १,२०० रुपयांचे. एका महिन्याच्या थकबाकीने त्या खर्चावरच्या माइल्सचा सगळा फायदा धुऊन नेला. ज्याला पूर्ण बिल दर महिन्याला वेळेवर भरता येत नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

व्यावसायिकांसाठी दोन सूचना. वैयक्तिक कार्डावर कारखान्याचा कच्चा माल फिरवून पॉइंट कमावण्याला बहुतेक बँकांच्या नियमांत मनाई असते, आणि तसे आढळल्यास कार्ड व पॉइंट दोन्ही जाऊ शकतात. दुसरे, एका आर्थिक वर्षात कार्डाची बिले मिळून १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक भरली, तर बँक त्याची माहिती आयकर खात्याला देते. विवरणपत्रातले उत्पन्न त्या खर्चाला शोभणारे असावे.

कोल्हापूरकराचा जादा टप्पा

पुण्या-मुंबईच्या माणसाला कोणी सांगत नाही असा मुद्दा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. परदेशी कंपन्यांचे अवॉर्ड तिकीट आपल्यासाठी बहुधा मुंबईपासून सुरू होते. उजळाईवाडी ते मुंबई हा टप्पा वेगळा काढावा लागतो, मग तो विमानाने असो, महालक्ष्मी एक्स्प्रेसने असो वा गाडीने. देशांतर्गत प्रवासासाठी इंडिगोने २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ योजना आणली आहे. ज्या शहरांना इंडिगो कोल्हापूरहून जाते तिथे ते पॉइंट चालतात. परदेशी कंपनीचे माइल्स मात्र या टप्प्याला सहसा उपयोगी पडत नाहीत.

तिकिटे वेगवेगळी असली की जबाबदारीही वेगळी. कोल्हापूरचे विमान धुक्यामुळे किंवा पावसामुळे रद्द झाले आणि मुंबईचे आंतरराष्ट्रीय विमान चुकले, तर दुसरी कंपनी त्याची भरपाई देत नाही. बॅगाही मुंबईत उतरवून घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात. तिकिटावर विमानतळ आणि टर्मिनल नीट वाचा. मुंबईत टर्मिनल १ आणि २ यांच्यामध्ये रस्त्याने जावे लागते, शिवाय आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे. आई-वडील एकटे जाणार असतील तर आदल्या दिवशी मुंबईला पोहोचावे, पावसाळ्यात तर नक्कीच. त्या मुक्कामाचा आणि टॅक्सीचा खर्च वरच्या हिशेबात मिळवा, म्हणजे ‘वाचलेली’ रक्कम खरी कळेल. बेळगाव, गोवा आणि पुण्याचे दरही एकदा पडताळून पाहावेत.

दोन घरे, दोन वाटा

पहिले घर फाउंड्रीवाल्याचे. जर्मनीत डसेलडॉर्फला भरणारे ‘गीफा’ हे ओतकाम उद्योगाचे मोठे प्रदर्शन दर चार वर्षांनी असते. ते २०२३ च्या जूनमध्ये झाले, पुढचे २०२७ च्या जूनमध्ये आहे. बऱ्याच विमान कंपन्या अवॉर्ड जागा साधारण अकरा महिने आधी खुल्या करतात. म्हणजे त्या प्रदर्शनाच्या जागा २०२६ च्या पावसाळ्यातच दिसू लागतात. लुफ्तान्साचे विमान मुंबईहून थेट फ्रँकफर्टला जाते आणि तिथून डसेलडॉर्फ रेल्वेने दीड तासाच्या आसपास. लुफ्तान्सा, एअर इंडिया, सिंगापूर एअरलाइन्स, टर्किश, युनायटेड, एअर कॅनडा या सगळ्या ‘स्टार अलायन्स’ गटात आहेत (एअर इंडिया २०१४ च्या जुलैमध्ये आली). त्यामुळे एका कंपनीच्या माइल्सवर गटातल्या दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढता येते. हाच फायदा ओळखून योजना निवडावी, कारण कराचा बोजा योजनेनुसार बदलतो. एअर कॅनडाची ‘एअरोप्लॅन’ योजना भागीदार कंपन्यांच्या तिकिटावर इंधन अधिभार लावत नाही, फक्त ३९ कॅनेडियन डॉलरचे शुल्क घेते. ब्रिटिश एअरवेजच्या स्वतःच्या लांबच्या विमानांवर मात्र हा अधिभार भरपूर असतो आणि ‘फुकट’ तिकिटाला बरीच रोकड मोजावी लागते.

दुसरे घर अमेरिकेत मुले असलेल्या आई-वडिलांचे. इथे कोल्हापुरात नवे कार्ड काढण्याआधी मुलीला किंवा मुलाला फोन करा. अमेरिकेतल्या कार्डांवर मिळणारे बोनस पॉइंट आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळ जास्त असतात आणि मुलांच्या खात्यातून आई-वडिलांच्या नावे तिकीट काढता येते. काही योजनांत आधी नावे नोंदवावी लागतात. सिंगापूर एअरलाइन्सच्या ‘क्रिसफ्लायर’मध्ये अशा पाच जणांची यादी देता येते. नाव पासपोर्टवर आहे तसेच्या तसे लिहायचे. अवॉर्ड तिकिटे जाण्याची आणि येण्याची अलग काढता येतात, पण परतीचे तिकीट हाती असलेले बरे, कारण उतरल्यावर अधिकारी ते विचारू शकतात. सहा महिन्यांच्या मुक्कामात परतीची तारीख हलण्याची शक्यता असते, म्हणून रद्द करण्याचे आणि बदलाचे शुल्क आधी वाचून ठेवा. प्रवासी आरोग्य विमा पॉइंटमध्ये येत नाही, तो वेगळा काढावाच लागतो.

कामाचा क्रम

१. प्रवास, महिना आणि किती जण, हे कागदावर लिहा. तारखेत चार-पाच दिवसांची ढील ठेवा, कारण अवॉर्ड जागा थोड्या असतात. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात त्या लवकर संपतात.

२. त्या मार्गावर कोणती कंपनी जाते आणि तिच्या गटातल्या कोणत्या योजनेत माइल्स कमी व कर कमी लागतो, ते पाहा. या योजनांत खाते काढायला पैसे पडत नाहीत.

३. मग त्या योजनेत पॉइंट वळवता येणारे कार्ड शोधा. आपल्याकडच्या नागरी सहकारी बँकांत अशी कार्डे सहसा नसतात, मोठ्या व्यापारी बँकांकडे चौकशी करावी लागते. वार्षिक फी आणि त्यावरचा जीएसटी हिशेबात धरा.

४. जागा प्रत्यक्ष दिसल्याशिवाय पॉइंट माइल्समध्ये वळवू नका. एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत आणि वळवायला काही मिनिटांपासून काही दिवस लागू शकतात.

५. मुदत लिहून ठेवा. क्रिसफ्लायरचे माइल्स ३६ महिन्यांत संपतात. एअरोप्लॅनमध्ये १८ महिने काहीच व्यवहार झाला नाही तर ते जातात. युनायटेडने २०१९ पासून मुदत काढून टाकली आहे.

६. पॉइंट वाढवून देतो, मुदत संपत आली आहे, असे सांगणारा फोन आला तर तो ठेवून द्या. ओटीपी आणि कार्डाचा मागचा आकडा कोणालाही सांगायचा नसतो, बँकेच्या नावाने विचारणाऱ्यालासुद्धा नाही.

माझे मत स्पष्ट आहे. वर्षा-दोन वर्षांत नक्की घडणारा प्रवास, दर महिन्याला पूर्ण भरले जाणारे बिल आणि तारखेत थोडी लवचिकता, या तीन गोष्टी ज्याच्याकडे आहेत त्याने पॉइंट जरूर वापरावेत. त्याचे हजारो रुपये खरोखर वाचतील. यांतली एकही कमी असेल तर रोखीचे तिकीट लवकर काढणे अधिक शहाणपणाचे. या रविवारी आपापल्या कार्डाचे ताजे विवरण काढून किती पॉइंट आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, एवढे तरी पाहून ठेवा.

(पुढील भागात : परदेशात कार्ड वापरताना लागणारे चलन-शुल्क आणि फॉरेक्स कार्ड.)