पातळी राखली की धार राहते

वैतरणा आणि भातसा खोऱ्यांतलं पाणी मुंबईच्या भांडुप संकुलात शुद्ध होतं. तिथल्या जुन्या केंद्राचीच क्षमता दिवसाला 1,910 दशलक्ष लिटर आहे. शुद्ध झालेलं पाणी थेट शहराकडे सुटत नाही. ते आधी मास्टर बॅलन्सिंग रिझर्व्हॉयरमध्ये थांबतं, कारण शहराची मागणी तासातासाला बदलते आणि तो चढउतार या जलाशयाला पोटात घ्यावा लागतो. जलाशयाची पातळी घसरली की पुढच्या वाहिन्यांतला दाबही घसरतो.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच गणित मिलिलिटरमध्ये सोडवावं लागतं. शरीराबाहेर काढलेलं हृदय किंवा काचेच्या कप्प्यात वाढवलेल्या पेशी जगवायच्या, तर त्यांच्यावरून क्षार, साखर आणि प्राणवायू असलेलं द्रावण अखंड वाहतं ठेवावं लागतं. याला परफ्यूजन म्हणतात. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी 1895 मध्ये सस्तन प्राण्याचं हृदय असंच महाधमनीतून द्रावण सोडून धडधडतं ठेवलं.

पेरिस्टाल्टिक पंपाचे रूळ लवचिक नळी दाबत द्रावण पुढे ढकलतात. पण एकेक रूळ नळीवरून सुटताना धार क्षणभर पडते. सूक्ष्मदर्शकाखाली तो हिसका लगेच दिसतो: पेशी थरथरतात, प्रतिमा धूसर होते. म्हणून वाटेत थोडी हवा कोंडलेली छोटी कुपी बसवतात. हिसका ती हवा झेलते.

द्रावण वाहतं ठेवायचा दुसरा मार्ग उंचीचा: द्रावणाची बाटली वर टांगायची. 1 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे 74 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देतो. मात्र बाटली रिकामी होत जाते तसा दाब उतरतो. 17व्या शतकातल्या एदम मारिओत यांच्या नावाच्या बाटलीत यावर सुरेख तोड आहे. घट्ट बुचातून एक उघडी नळी जवळपास तळापर्यंत सोडायची. हवा त्या नळीतूनच आत येते, त्यामुळे पाणी नळीच्या टोकाखाली जाईपर्यंत धार बदलत नाही.

उरतो बुडबुडा. थंड द्रावण 37 अंशांपर्यंत तापलं की त्यात विरघळलेला वायू सुटतो आणि बारीक नळी अडते, म्हणून पेशींच्या अलीकडे बुडबुडे अडवणारा कप्पा हवाच.

एवढा खटाटोप आवश्यकच आहे. औषधाची चाचणी घेताना दाब उतरल्यानं मंदावलेलं हृदय औषधानं मंदावल्यासारखं दिसतं. म्हणून प्रयोगाच्या वहीत औषधाच्या मात्रेशेजारी प्रवाहाचा वेग आणि दाब यांची नोंद असलीच पाहिजे.