मागचं झाकण

मनगटी घड्याळात सेल टाकणं हे पाच मिनिटांचं काम, असा आपला समज. झाकण काढण्यापुरता तो खराही आहे. कडेच्या बारीक फटीत पातं घालून जरा पिळलं की झाकण उडतं. ते परत बसवताना मात्र घाम फुटतो. एक बाजू दाबावी तर दुसरी वर येते, अंगठे लाल होतात आणि शेवटी घड्याळ रुमालात गुंडाळून आपण घड्याळजीच्या टपरीवर जाऊन उभे राहतो.

तिथे काचेच्या पेटीमागे एक छोटा प्रेस असतो. वर दांडा, खाली बैठक, मध्ये नायलॉनच्या दोन चकत्या. वेगवेगळ्या मापांच्या चकत्या डब्यात भरून ठेवलेल्या. घड्याळजींची हत्यारं बनवणाऱ्या ल लोक्लच्या बेर्जों कंपनीचे प्रेस स्वित्झर्लंडहून जगभर जातात. टपरीवरचा बहुधा त्यांचा स्वस्तातला भाऊबंद. काम दोघांचं एकच. अंगठ्याचा जोर एका जागी पडतो, चकतीचा सगळ्या कडेवर एकदम पडतो.

पण दांड्याला हात लागण्याआधीच निम्मी लढाई जिंकलेली किंवा हरलेली असते. अशा बऱ्याच झाकणांच्या आतल्या कडेला एक खाच असते. चावीची बारीक सळई तिथूनच मशीनमध्ये शिरते. खाच चावीसमोर नेमकी आली नाही, तर झाकणाची कड सळईवर चढते. मग पैलवान आणून दाबा, झाकण बसायचं नाही. वाकलीच तर सळई वाकेल. म्हणून जाणता घड्याळजी झाकण उघडण्याआधीच त्याची जागा बघून ठेवतो.

दुसरी भानगड रबराच्या रिंगची. जुनी रिंग चपटी, कडक झालेली असते आणि कडेखाली चिमटली की झाकण अडतं. ती काढून फेकली की झाकण पटकन बसतं. या पळवाटेचा मला फार राग येतो, कारण गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि जुलैत काचेच्या आत धुकं दिसेपर्यंत त्याला काही कळत नाही. नवी रिंग, तिला सिलिकॉन ग्रीसचा हात, एवढंच तर करायचं असतं.

आणि काच. खालच्या चकतीने काचेभोवतालची धातूची कड पेलायला हवी, काच नव्हे. जुन्या एचएमटी जनताची ॲक्रिलिकची काच थोडं दाबणं सोसून घ्यायची. आताची मिनरल काच थेट तडकते, आणि सेलच्या पैशांत काचेचे पैसे कुणाच्या नावावर टाकायचे यावर टपरीवर चांगलीच जुंपते.

सगळं जुळलं की दांडा हलकेच खाली येतो आणि टक् असा एकच आवाज होतो. घड्याळजी कडेवरून नख फिरवून बघतो. कुठे अडलं तर झाकण पुन्हा काढतो. काही झाकणं तरीही बसत नाहीत. वर्षानुवर्षं सुरीने उचकटून त्यांची कड झिजलेली असते. त्यांना प्रेसचा उपयोग नाही, दुसरं झाकणच शोधावं लागतं.