वलंदेजी नगरचित्रे आणि मिरजेचा तांब्याचा पत्रा

वलंदेज म्हणजे हॉलंडचे डच. सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास त्यांची वखार होती. व्यापारी म्हणून ते आपल्या परिचयाचे आहेत. परंतु आपल्या गावांची चित्रे छापून ती घरोघर पोहोचविणारे प्रकाशक म्हणून त्यांची ओळख आपल्याला फारशी नाही.

१७०२ साली आम्स्टरडॅमच्या पीटर शेंकने शंभर नगरांच्या चित्रांचा संग्रह काढला. १७४५ पासून त्याच शहरातील इसाक टिरिओन याने आपल्या देशातील नगरे, खेडी आणि वाडे यांची चित्रमालाच सुरू केली. टिरिओन १७६५ साली वारला, तरी ती माला पुढे चालू राहिली.

ही चित्रे कशी होत? चित्रकार जागेवर जाऊन रेखाटन करी. दुसरा कारागीर ते तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीने उलटे कोरी, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटे. कोरलेल्या रेघांत शाई भरून वरचा पत्रा स्वच्छ पुसावयाचा, त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून जोराने दाबून काढावयाचा. रेघांतील शाई कागद उचलून घेतो. खिळ्यांच्या छपाईत शाई उंचवट्यावर असते, येथे ती खाचेत असते. म्हणून मजकूर आणि चित्र एका यंत्रावर निघत नसत. चित्रे निराळी छापून पुस्तकात बांधावी लागत.

एवढा खर्च एकट्या प्रकाशकास झेपणे कठीण. म्हणून पुष्कळदा आधी वर्गणीदार मिळवीत आणि चित्रे थोडी थोडी करून हप्त्याने देत. कोरलेला पत्रा हेच खरे भांडवल. प्रकाशक वारला की त्याचे पत्रे विकले जात; नवा मालक जुने नाव घासून आपले कोरी आणि पुन्हा छापी. त्यामुळे चित्रावरील प्रकाशकाचे नाव पाहून चित्राचे वय ठरविणे धोक्याचे असते.

आता आपल्याकडे वळू. तांबे कोरणे आपल्याला नवे नव्हते. दानाचे ताम्रपट शतकानुशतके कोरले जात होते. त्यात शाई भरून कागद दाबणे मात्र नवे होते. नाना फडणिसांच्या काळी पुण्यात एका तांबटाला ही विद्या मिळाली. १८०० साली नाना वारले. पुढे कृष्णेपलीकडच्या मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली.

चित्रकलेचीही वाण नव्हती. पुण्याच्या गंगाराम तांबटाने इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठी वेरूळच्या लेण्यांची सुंदर चित्रे काढली. त्यांतील पुष्कळ आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने मुंबई बेटाची बारा दृश्ये काढली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. म्हणून त्या काळची मुंबई आपण आज पाहतो ती वेल्सच्या डोळ्यांनी.

मग उणे कशाचे होते? हाताचे नव्हे, धातूचे नव्हे. गीतेला वाचक होता आणि आश्रयदाता होता. गावाच्या चित्राला वर्गणीदार नव्हता. आपले गाव नित्य डोळ्यांसमोर असते, त्याचे चित्र कशाला विकत घ्यावे, असे आपल्याला वाटते. वलंदेज नागरिकाला तसे वाटले नाही, आणि म्हणून त्याच्या नातवंडांना आजोबांचे गाव पाहावयास मिळाले.

आपल्या तालुक्यात तर ही गोष्ट विशेष जपावी. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत नदीकाठची किती तरी घरे आणि भिंती गेल्या. ज्यांच्या घरी घाटाचे, वाड्याचे वा बाजारपेठेचे जुने छायाचित्र असेल, त्यांनी त्यामागे स्थळ, साल आणि काढणाराचे नाव लिहून ठेवावे. वलंदेजी चित्रांच्या खाली चित्रकार, कोरणारा आणि प्रकाशक यांची नावे पुष्कळदा असतात, म्हणूनच ती आज इतिहासाच्या कामी येतात. नाव नसलेले चित्र दोन पिढ्यांत मुके होते.